वरिष्ठांचं पाणी

मानवजातीने आजवर जी काही प्रगती केली, ती पाणी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊनच केली. धरणं, कालवे, जलवाहिन्या, साऱ्यांचा इतिहास हेच सांगतो. नामंजूररावांनी ते आपल्या दिवाणखान्यातून खालच्यांच्या दिवाणखान्यात नेलं.

नामंजूरराव हे अर्थातच त्यांचं जन्मनाव नव्हे. एका विमा कंपनीत ते पाणी, गळती आणि ओल या विभागाचे प्रमुख होते. कुणाचा नळ फुटो, कुणाची भिंत पाझरो, नुकसानभरपाईचा दावा त्यांच्याच टेबलावर यायचा आणि 'नामंजूर' एवढा शेरा घेऊन परत जायचा. नाव ऑफिसने ठेवलेलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, मनातून आवडतही होतं. कुठे पाणी मुरतंय हे ओळखण्यावर ज्यांचं पोट चालतं अशी माणसं जगात असतात तरी किती? त्यांचा सिद्धांत असा की, अपघात नावाची गोष्टच नसते. प्रत्येक अपघाताच्या मागे एक माणूस उभा असतो आणि तो 'मला वाटलं' असं म्हणत असतो. मला वाटलं नळ बंद आहे. मला वाटलं ही बंद करेल. अर्जात हे दोन शब्द दिसले की नामंजूरराव पुढचं वाचत नसत.

घरात माणसं चार. ते स्वतः, शाळेत भाषा शिकवणारी पत्नी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले सासरे. पाचवा मासा. तो आणला तेव्हा काचेच्या पेटीत त्याच्यासोबत आणखी बरेच मासे होते. ते कुठे गेले हा प्रश्न घरात कुणी विचारत नसे, कारण उत्तर समोरच पोहत होतं. काळपट अंग, जाडजूड मान, खालचा ओठ पुढे. कोपऱ्यात तरंगत तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा बघायचा, की आपल्याकडून एखादी फाईल राहून गेलीय असं वाटावं. मुलीने त्याचं नाव 'वरिष्ठ' ठेवलं, आणि नावामागोमाग आदरार्थी बहुवचनही आपोआप आलं. वरिष्ठ घरातल्या सगळ्यांनाच पाण्यात पाहत असत. त्यांना दुसरी सोयही नव्हती.

दर रविवारी नामंजूरराव बादली आणि तांब्या घेऊन वरिष्ठांचं थोडं पाणी बदलत. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. त्यामुळे आठवडाभर बाहेरगावी जायचा विषय निघाला की वरिष्ठांचं पाणी आडवं यायचं.

"या सुट्टीत मी समुद्र बघणार," एके दिवशी जेवताना पत्नी म्हणाली. "दरवर्षी सहलीवर पाणी सोडते. यंदा नाही सोडणार. तुम्ही आलात तर तुमच्यासह, नाही आलात तर तुमच्या माशाला नमस्कार सांगून."

"पण पाणी कोण बदलेल?"

"बाबा आहेत की घरी."

सासऱ्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "पाण्याचं मला सांगू नका, जावईबापू. अख्ख्या शहराला पाणी सोडलंय मी."

"शहराला तक्रार करता येते, बाबा. माशाला नाही येत."

यावर सासरे पुन्हा वर्तमानपत्रात गेले, ते रागावूनच. नामंजूरराव मात्र विचारात पडले. अडचण पाण्याची नव्हतीच, माणसाच्या हाताची होती. माणूस काढून टाकला की निष्काळजीपणाही निघून जातो. तेव्हा पाणी आपलं आपणच बदललं पाहिजे. त्यांनी तिथेच एका नाकारलेल्या अर्जाच्या पाठीवर आकृती काढली. बाथरूमच्या माळ्यावर पिंप. पिंपातून नळी पेटीत, ताजं पाणी आत. पेटीतून दुसरी नळी बाल्कनीतून खाली बागेत, जुनं पाणी बाहेर. दोन्हींवर एक घड्याळ.

"आणि मध्ये कोण?" मुलीने विचारलं.

"मध्ये कोणी नाही. हीच तर गंमत आहे."

"आई, आपण समुद्रावर जात नाही आहोत," मुलगी म्हणाली.

प्लंबर आला. त्याने पिंप बघून मान हलवली. प्लंबर लोक आधीच्या माणसाचं काम बघून मान हलवतात हे सर्वांना माहीत आहे. इथे आधीचं काम नव्हतंच, तरीही हलवली.

"पिंप संपलं की काय करणार, साहेब?"

"भरायचं."

"कोण भरणार? तुम्ही तर समुद्रावर." त्याने बोट छताकडे केलं. "गच्चीवरच्या टाकीतून डायरेक्ट जोड देतो. बॉल लावतो. पिंप रिकामं झालं की आपोआप भरेल. पाणी संपलं अशी तक्रार आली तर मी धंदा सोडतो."

अशी तक्रार आली नाही, हे त्याच्या बाजूने इथेच नोंदवलेलं बरं.

आता राहिली बाल्कनीतली नळी. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर काहीही लावायचं तर समितीची परवानगी लागे, आणि समितीचे सचिव म्हणजे खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य. दंतवैद्यांना प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघण्याची सवय होती, कारण धंद्यात समोरच्याच्या तोंडात कायम काहीतरी असायचं. नामंजूरराव खाली गेले तेव्हा दंतवैद्य आपल्या नव्या छताखाली आरामखुर्चीत पडले होते. छत वेलबुट्टीचं होतं. पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टरमधली पानं, फुलं, मधोमध दिवा. त्याचा विमा नामंजूररावांनीच आपल्या कंपनीत उतरवून दिला होता. शेजारधर्म.

"वर बघा," दंतवैद्य म्हणाले. प्रत्येक पाहुण्याला ते आधी वर बघायला लावत. "कसं वाटतंय? सुंदर आहे ना? बरं, नळी कसली म्हणता?"

समितीची सभा भरली. नियमांत तीनच प्रकारच्या नळ्यांना मुभा होती: पिण्याचं पाणी, सांडपाणी आणि पावसाचं पाणी. माशाचं पाणी कशात बसतं?

"मासा ते पितो का?" एका सदस्याने विचारलं.

"पीत असणार."

"मग पिण्याचं झालं."

"पण तो बाकीचंही सगळं त्यातच करतो."

"मग सांडपाणी."

"सांडलंय कुठे? ते तर पेटीत आहे."

'अजून सांडलेलं नाही' ही गोष्ट सभेने मान्य केली, आणि बऱ्याच खलानंतर नळीला पावसाच्या पाण्याची नळी म्हणून तात्पुरती मंजुरी दिली. अट एकच: नळीचा वापर फक्त पाऊस पडत असतानाच करावा.

नामंजूररावांनी अट वाचली आणि आयुष्यात प्रथमच त्यांना दुसऱ्याच्या शेऱ्याबद्दल आदर वाटला. इतका बंदोबस्त त्यांनाही कधी साधला नव्हता. बाल्कनी बाद झाली. आता जुनं पाणी दिवाणखान्यातून, बोळातून, बाथरूमच्या मोरीपर्यंत न्यायचं. पण एवढ्या लांब ते जाणार कसं?

दंतवैद्यांना वाईट वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः एक खोकं घेऊन वर आले. "पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढायचं माझं जुनं मशीन. पाणी तिथलं काय नि इथलं काय? लावून टाका. माशाला दुखणार नाही."

मशीन उत्तम चाललं. फक्त त्याचा आवाज तसाच राहिला. ते सुरू झालं की पत्नी गाल धरून स्वयंपाकघरात जायची, आणि एकदा भेटायला आलेल्या तिच्या मैत्रिणीचं तोंड बोलता बोलता आपोआप मोठं उघडलं व तसंच राहिलं. बोळात आडव्या पडलेल्या नळीवरून सासरे धोतर सावरून नदी ओलांडल्यासारखे जात.

तालमी सुरू झाल्या. पहिल्या तालमीत जुनं पाणी गेलं पण नवं आलं नाही. तळहाताएवढ्या पाण्यात आडवे पडून वरिष्ठांनी नामंजूररावांकडे जे पाहिलं, ते त्यांना पुढे कितीतरी दिवस जेवताना आठवे. दुसऱ्या तालमीत नवं आलं पण जुनं गेलं नाही, आणि गालिचा बाल्कनीत वाळत पडला. मग घड्याळाचे काटे जुळले. जुनं गेलं, नवं आलं, मशीन थांबलं. घड्याळ बिघडलंच तर म्हणून दोन्ही नळ्यांवर हाताने फिरवायची एकेक तोटी होतीच.

"दोन्ही तोट्या सारख्याच दिसतात," पत्नी म्हणाली. "पाट्या लावा. एकीवर 'आत', एकीवर 'बाहेर'."

"स्वयंचलित यंत्राला पाट्या लागत नाहीत," नामंजूरराव म्हणाले. "पाटी लावली म्हणजे माणूस हात लावणार हे आपण मान्य केल्यासारखं होतं."

पत्नीने समुद्राकाठच्या गावाची तिकिटं काढून टाकली. विश्वास होता म्हणून नव्हे. आता माघार नको म्हणून.

निघायला आठवडा राहिला असताना खरी परीक्षा ठरली. कामाचा दिवस, पत्नी शाळेत, मुलगी कॉलेजात, नामंजूरराव ऑफिसात. घरी फक्त सासरे, आणि त्यांना एकच सूचना: कशालाही हात लावायचा नाही.

दुपारी ऑफिसात फोन वाजला. नामंजूररावांसमोर एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या घरात नळ चालू राहून पुस्तकांचं कपाट भिजलं होतं, आणि ते आत्ताच 'मला वाटलं' असं म्हणाले होते.

"जावईबापू, लाईट गेली होती. आत्ता आली. पण तुमचं ते दातवालं मशीन गप्प आहे."

"म्हणजे पाणी बदललंच नाही?"

"पाणी आहे तसंच. मासा माझ्याकडे बघतोय."

समोरचे गृहस्थ कान देऊन ऐकत होते. नामंजूररावांनी आवाज खाली आणला. "असं करा, बाबा. हातानेच पाणी सोडा."

पलीकडे सासऱ्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "सोडू?"

"सोडा."

"किती वेळ?"

"तुम्हाला काय सांगायचं? अख्ख्या शहराला सोडलंय तुम्ही." नामंजूररावांनी फोन ठेवला आणि समोर वळले. "हं. तर तुम्हाला वाटलं, नळ बंद आहे."

आता इथे थोडं थांबून पाणीपुरवठा खात्याची रीत समजून घेतली पाहिजे. नामंजूररावांच्या मते पेटीतलं पाणी सोडायचं म्हणजे ते वाहून जाऊ द्यायचं. खात्यात पाणी सोडणं म्हणजे एकच गोष्ट: ज्या बाजूने पाणी येतं तिकडची तोटी पूर्ण उघडायची. पुढे आणखी एखादी तोटी असेल तर ती घट्ट बंद करायची, नाहीतर दाब मिळत नाही. सासऱ्यांनी दोन्ही गोष्टी चोख केल्या. आणि एकदा पाणी सोडलं की खात्यातला माणूस त्याच्याकडे बघत बसत नाही. ते पुढे कुठे जातं ही जनतेची बाब असते. सासरे समाधानाने आपल्या खोलीत जाऊन आडवे झाले. निवृत्त झाल्यापासून इतकी गाढ झोप त्यांना लागली नव्हती.

जाग आली तेव्हा चपला पलंगापासून निघून दाराशी गेल्या होत्या. माळ्यावरचं पिंप रिकामं होत होतं आणि भरत होतं, प्लंबरने सांगितलं होतं तसंच. पेटी काठोकाठ भरून शांतपणे वाहत होती. तीत वरिष्ठ नव्हते. ते सोफ्याखाली होते. इतकी वर्षं काचेतून पाहिलेलं घर एकदा जवळून बघून घ्यावं, अशा बेताने ते हळूहळू टीपॉयच्या दिशेने निघाले होते. सासऱ्यांनी तोटी बंद केली, वरिष्ठांना केराच्या सुपलीत घेतलं आणि पेटीत सोडलं. त्या दिवशी योग्य जागी सोडलेली तेवढी एकच गोष्ट.

खाली दंतवैद्य आरामखुर्चीत पडून वर बघत होते. छतातून आधी थेंब आला, मग धार आली, मग वेलबुट्टी आली.

ते पँट दुमडून वर आले. डोक्यात प्लॅस्टरचं एक पान अडकलेलं होतं. सासऱ्यांनी दार उघडलं. "कधीपासून होतंय हे?" दंतवैद्यांनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच उत्तराची वाट बघत उभे राहिले.

संध्याकाळी ओल्या दिवाणखान्यात खुर्च्यांवर पाय घेऊन सगळे बसले.

"मी पाणी सोडा म्हटलं होतं!" नामंजूरराव म्हणाले.

"मग सोडलंच की!"

"सोडा म्हणजे बाहेर सोडा!"

"बाहेर? बाहेर काढतात, जावईबापू. सोडतात ते आत! शहरात पाणी सोडलं म्हणजे काय शहरातून काढून घेतलं?"

दोघांनीही पत्नीकडे पाहिलं. तिने वाक्य दोनदा मनात म्हणून बघितलं. "व्याकरणाने वाक्यात चूक नाही," ती म्हणाली. "क्रियापद आहे, कर्म आहे. फक्त दिशा नाही." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "पाट्या लावा म्हटलं होतं."

दंतवैद्यांचा दावा रीतसर ऑफिसात आला. नामंजूरराव तो घेऊन मॅनेजरबाईंकडे गेले. हे घर माझ्याच खाली आहे, दुसऱ्या कुणाकडे द्या, म्हणाले.

"दुसरे साहेब रजेवर आहेत," बाई म्हणाल्या. "शेरा तुम्ही लिहा, सही मी करते. घटनास्थळाचा तुमच्याइतका अभ्यास आणखी कुणाचा असणार?" त्या हसल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

नामंजूरराव बॅग घेऊन खाली गेले आणि परक्यासारखी घंटी वाजवली.

"या," दंतवैद्य म्हणाले. "वर बघा."

नामंजूररावांनी वर बघितलं. आपल्याच घराची जमीन खालून कशी दिसते हे फार थोड्यांना पाहायला मिळतं. त्यांनी पेन काढलं.

"घटनेच्या वेळी वरच्या घरात कोण होतं?"

"तुमचे सासरे."

"त्यांना पाणी सोडायला कुणी सांगितलं?"

"तुम्ही."

"तोटी कुठली ते न सांगता?"

"ते मी कसं सांगू? तुम्हीच सांगा."

नामंजूररावांनी तोंड उघडलं. "मला वाटलं..."

पेन थांबलं. तोंड उघडंच राहिलं. दंतवैद्यांनी अशी पुष्कळ तोंडं पाहिली होती. ते हळूच म्हणाले, "मिटा."

त्या रात्री जेवताना पत्नीने सरळ मार्ग सांगितला. "'अकस्मात अपघात' लिहा. खालच्यांना छत मिळेल, आपल्याकडून वसुली होणार नाही, सगळे सुटू."

"आणि निष्काळजीपणा लिहिला तर?"

"तर चूक त्यांची नाही म्हणून खालच्यांना छत मिळेल, कंपनी ते पैसे आपल्याकडून कापेल आणि तुम्ही म्हणाल, आता कुठला समुद्र." तिने भाजीचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं. "मी तरीही जाणार आहे, हे आधीच सांगते."

नामंजूररावांनी पेटीकडे पाहिलं. कोपऱ्यातून वरिष्ठ बघत होते. फाईल राहिलीय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेरा लिहिला: 'अपघात नव्हे. वरच्या मजल्यावरील इसमाचा निष्काळजीपणा. दावा मंजूर.' सवय नसल्याने शेवटच्या शब्दाआधी 'ना' लिहिलं गेलं होतं. ते खोडावं लागलं. ऑफिसात तो कागद टेबलाटेबलावरून फिरला. मॅनेजरबाईंनी सही करण्यापूर्वी दोनदा वाचला. वसुली पगारातून, हप्त्याने, हेही ठरलं. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं आणि 'आता कुठला समुद्र' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात रंगारी आला.

"साहेब, खालचं छत आणि तुमची जमीन, दोन्ही वाळवायला लागतील. आठवडाभर घरात कुणी नको."

"कुणीच नको?"

"कुणीच नको."

पत्नी बॅगा भरायला उठली. तिकिटं होतीच. सासऱ्यांचं एक तिकीट आणखी काढलं, कारण नळ असलेल्या घरात, कुठल्याही गावी, त्यांना एकटं ठेवायचं नाही असं मुलीने जाहीर केलं होतं.

"त्या यंत्राचं काय करायचं?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"यंत्रावर आता पाणी सोडलंय, बाबा," पत्नी बॅग बंद करत म्हणाली.

सासरे धडपडत उठले. "पुन्हा? कुणी?"

यंत्र काढून खोक्यात गेलं आणि खोकं दंतवैद्यांकडे. एका गोष्टीची सोय मात्र राहिलीच: वरिष्ठांचं पाणी. घरात रंगारी सोडून कुणी नसणार होतं. निघण्यापूर्वी नामंजूरराव पेटीपुढे बराच वेळ उभे राहिले. खाली रिक्षात बसल्यावर म्हणाले, "मी त्यांना मारून निघालोय."

समुद्र पत्नीने मनसोक्त पाहिला. नामंजूरराव रोज रंगाऱ्याला फोन करत.

"वरिष्ठ कसे आहेत?"

"कोण वरिष्ठ?"

"मासा."

"बघतोय."

एका संध्याकाळी ते वाळूत बसून होते. पाणी चढलं होतं ते आता उतरत होतं. "बघ," ते पत्नीला म्हणाले, "दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं. कुणी हात लावत नाही. एवढं मोठं यंत्र."

"हो ना," पत्नी म्हणाली. "आणि पाटी कुठेच नाही."

ते दोघंही हसले. सासरे मात्र लाटांकडे भुवया ताणून बघत होते. एवढं पाणी सोडलं तर दाब कसा मिळत असेल, हे त्यांना कळत नव्हतं.

घरी परतल्यावर नामंजूरराव बूट न काढता, बॅग हातातच, पेटीकडे गेले. जमीन कोरडी होती. भिंतींना ताज्या रंगाचा वास होता. वरिष्ठ आपल्या कोपऱ्यात होते, आणि नामंजूररावांकडे अगदी पूर्वीसारखेच बघत होते.

"खायला टाकत होतो मधूनमधून," रंगारी ब्रश पुसत म्हणाला.

"आणि पाणी?"

"पाण्याचं तुम्ही काही बोलला नव्हतात."

पाणी कुणीच बदललं नव्हतं. वरिष्ठांचं वजन थोडं वाढलं होतं.